तीन पत्ती येते, पोकर शिकायचाय. चिंचोक्यांवर सुरुवात कशी करावी?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. आम्ही सहाजण आहोत, सगळे जुळे सोलापूर आणि विजापूर रोडकडचे. रमी, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, तीन पत्ती सगळ्यांना येतं. आता पोकर शिकायचाय, टेक्सस होल्डम म्हणतात तो. पैसे लावायचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. चिंचोके, नाहीतर बटणं.

नियम वाचून झाले, पण काही गोष्टी डोक्यात बसत नाहीत.

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पोकरच्या तक्त्यात कलर वर दिसतो. छपाईची चूक आहे की खरंच तसं?

ब्लाइंड म्हणजे पानं न बघता निम्मी चाल का?

चाल थांबते कधी? शो कोण मागतं?

एकाचे चिंचोके मध्येच संपले आणि बाकीच्यांकडे उरले असतील तर तो बाद की काय?

आणि मुख्य म्हणजे, हातात दोनच पानं असताना खेळायचं की पॅक व्हायचं हे ठरवायचं कशावरून?

पानांचा एक कॅट आणि अंथरायला चादर एवढं सामान आहे. अजून काय लागेल?

किलवर_दुर्री

सामानापासून सुरू करतो, कारण अर्धी भांडणं तिथूनच निघतात.

जोकर बाजूला काढा, 52 पानं राहिली पाहिजेत. जमलं तर पाठीचा रंग वेगळा असलेले दोन कॅट घ्या. एक वाटला जात असताना दुसरा कुणीतरी पिसून ठेवतो, त्यामुळे डाव भरभर होतात. कागदी पानं घामाने लवकर मऊ पडतात, कोपरे दुमडतात, आणि एकदा कोपरा दुमडला की ते पान पाठीवरून ओळखू येतं. प्लॅस्टिकची घ्या. चादर उत्तम, फक्त दुहेरी घडी करून ताणून अंथरा. फरशीवर किंवा काचेवर पान नखाने उचलावं लागतं आणि उचलता उचलता शेजाऱ्याला दिसतं. तीन पत्तीत पानं हातात पंख्यासारखी धरायची सवय असते, ती इथे सोडा. पानं खाली चादरीवरच ठेवायची, दोन्ही तळव्यांचा आडोसा करून अंगठ्याने कोपरा उचलून बघायचं, आणि बघून झालं की पानांवर एक बटण ठेवायचं. वर पंखा पाचावर फिरत असेल तर हे बटण फार उपयोगी पडतं.

मोजणी अशी ठेवा: चिंचोका म्हणजे 1, शर्टाचं बटण म्हणजे 5, मोठी वस्तू म्हणजे 25. आपल्या गावात युनिफॉर्म शिवणारे पैशाला पासरी आहेत, बटणांची चणचण पडणार नाही. प्रत्येकाला 20 चिंचोके, 16 बटणं आणि 4 मोठ्या वस्तू द्या. बेरीज 200 होते. सहाजणांना 120 चिंचोके, 96 बटणं आणि 24 मोठ्या वस्तू लागतील. मोठ्या वस्तूला कॅरमच्या सोंगट्या छान, एकावर एक नीट बसतात, पण राणी धरून त्या 19च भरतात. चौघांना पुरतील. सहाजणांना कोटाची बटणं आणा.

ब्लाइंड 1 आणि 2 ठेवा. म्हणजे प्रत्येकाकडे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट माल होतो. यापेक्षा खूप कमी दिला, समजा 30-40, तर दोन चालींत सगळं मध्ये जातं आणि टर्न-रिव्हरवर (मधल्या चौथ्या-पाचव्या पानावर) विचार करायला काही उरतच नाही. नवशिक्यांचे गट बहुतेक हीच चूक करतात आणि मग म्हणतात, हा तर नुसता नशिबाचा खेळ.

आता कलर आणि सिक्वेन्स. छपाई बरोबर आहे. जे दुर्मीळ ते वरचढ, एवढंच तत्त्व. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून तिथे सिक्वेन्स भारी. पाच पानांचे 25,98,960 हात होतात. त्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. पाच पानं एकाच रंगाची जमणं अवघड, म्हणून इथे कलर वर गेला.

वरून खाली क्रम: रॉयल फ्लश (एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का), स्ट्रेट फ्लश म्हणजे आपला प्युअर सिक्वेन्स, चार एकसारखी, फुल हाउस म्हणजे तीन अधिक दोन, कलर, सिक्वेन्स, तीन एकसारखी, दोन जोड्या, एक जोडी, नुसतं मोठं पान. तीन पत्तीत ट्रेल आली की माणूस मांडी ठोकून बसतो, इथे तीच वरून सातवी आहे. सगळ्यात महागात पडणारी सवय ही. आणखी एक फरक: तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री बऱ्याच ठिकाणी दोन नंबरचा सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी हा सगळ्यात खालचा सिक्वेन्स. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असं वळण घेऊन चालत नाही, तो सिक्वेन्सच नाही.

इस्पिक मोठा, किलवर छोटा असलं काही इथे नाही. रंगांना किंमत नाही. हात अगदी सारखे निघाले तर पॉटची वाटणी.

रिव्हर_भीमा

वरचं सगळं बरोबर. डाव चालतो कसा ते मी लिहितो. एक पूर्ण डाव आकड्यांसकट वाचला की ब्लाइंड आणि शो दोन्हींचं उत्तर त्यातच मिळेल.

सहा जागा. 1 नंबरसमोर डीलरची खूण, तिलाच बटण म्हणतात (तुमच्या शर्टाच्या बटणांशी घोळ नको म्हणून बाटलीचं झाकण ठेवा). प्रत्येक डावानंतर झाकण एक घर डावीकडे सरकतं. झाकणाच्या डावीकडचा, म्हणजे 2 नंबर, पानं वाटण्याआधी 1 ठेवतो. त्याच्या पुढचा, 3 नंबर, 2 ठेवतो. हेच छोटा आणि मोठा ब्लाइंड. हा तीन पत्तीच्या बूटसारखा सक्तीचा माल आहे, फक्त सगळ्यांनी न भरता दोघांनीच भरायचा. पानं न बघण्याशी याचा संबंध नाही. पानं सगळेच बघतात आणि निम्म्या चालीची सवलत कुणालाच नाही.

पिसून, उजवीकडच्याकडून काटून घ्या. 2 नंबरपासून एकेक करत प्रत्येकाला दोन पानं. पहिलं बोलणं 4 नंबरचं, मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडचा तो.

4 पॅक. 5 म्हणतो, "सहा," आणि 6 ठेवतो. 6 नंबर पॅक. 1 नंबर 6 ठेवून बरोबरी करतो, याला कॉल म्हणतात. 2 पॅक, त्याचा 1 तिथेच राहिला. 3 चे 2 आधीच मध्ये आहेत, तो 4 घालून बरोबरी करतो. आता खेळात असलेल्या तिघांचेही 6-6 झाले, म्हणजे ही फेरी संपली. पॉट 6+6+6+1, एकूण 19.

तुमच्या "चाल थांबते कधी" याचं उत्तर हेच. तीन पत्तीत कुणी शो मागेपर्यंत चाल फिरत राहते. इथे सगळ्यांना बोलायची पाळी मिळाली आणि शिल्लक असलेल्यांचा माल समान झाला की फेरी बंद. अशा चारच फेऱ्या. शो मागायचा नसतो, चौथी फेरी संपली की तो आपोआप होतो. साइड शो हा प्रकारच नाही.

वाटणारा वरचं एक पान उलटंच बाजूला टाकतो. याला बर्न म्हणतात. वरच्या पानाच्या पाठीवर डाग किंवा दुमड असेल आणि कुणी ती ओळखली असेल, तर त्याचा फायदा होऊ नये म्हणून. मग तीन पानं सुलटी: इस्पिकचा राजा, बदामची नव्वी, बदामची चव्वी. हा फ्लॉप. इथून पुढे झाकणाच्या डावीकडून जो पहिला शिल्लक आहे तो आधी बोलतो. 2 पॅक झालाय, म्हणून 3. त्याला काही लावायचं नाही, तो चेक म्हणतो. चेक म्हणजे माल न घालता पुढे ढकलणं, आणि ते कुणी काही लावलेलं नसेल तेव्हाच चालतं. 5 नंबर 10 लावतो. 1 नंबरकडे बदामचा एक्का आणि बदामची दश्शी आहे, तो 10 घालतो. 3 पॅक. पॉट 39.

पुन्हा एक बर्न, चौथं पान: चौकटची तिर्री. हा टर्न. 5 नंबर 30 लावतो. 1 नंबर विचारात पडतो.

याने इथे काय करावं ते खाली कुणीतरी लिहीलच, नाहीतर मी उद्या लिहितो. पुढे एक बर्न, पाचवं पान म्हणजे रिव्हर, शेवटची फेरी, आणि शो. रिव्हरवर शेवटी ज्याने लावलं किंवा वाढवलं त्याने आधी पानं दाखवायची. कुणीच काही लावलं नसेल तर झाकणाच्या डावीकडून सुरुवात.

शोमध्ये हातातली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून सगळ्यात चांगली पाच घ्यायची. हातातली दोन्ही वापरायची सक्ती नाही. एक वापरा, नाहीतर एकही नको. दोघांची जोडी सारखी निघाली तर उरलेली पानं बघायची. मध्ये राजा, नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री आहे. एकाकडे राजा-राणी, दुसऱ्याकडे राजा-गुलाम. दोघांची राजाची जोडी, पण पहिल्याची पुढची पानं राणी-नव्वी-सत्ती आणि दुसऱ्याची गुलाम-नव्वी-सत्ती. पहिला जिंकला. मध्ये राजा, एक्का, राणी, नव्वी, चव्वी असेल आणि एकाकडे राजा-अठ्ठी, दुसऱ्याकडे राजा-तिर्री, तर दोघांचीही पाच पानं राजा-राजा-एक्का-राणी-नव्वी. अठ्ठी कामालाच आली नाही. पॉट निम्मा-निम्मा. "माझी अठ्ठी मोठी" म्हणून इथे हमखास वाद होतो.

आणि हो, तीन जोड्या असा हात नसतो. वरच्या दोन धरायच्या.

कडकभाकरी

चाल वाढवायचे नियम राहिले, तेही लिहून ठेवा.

वाढ किमान मागच्या वाढीइतकी हवी. मोठा ब्लाइंड 2 असताना कुणी 6 केले, म्हणजे वाढ 4 ची. पुढच्याला वाढवायचं तर किमान 10. कुणी 10 लावले, दुसऱ्याने 30 केले, वाढ 20 ची, तर पुढची किमान 50. सगळ्यांनी फक्त 2 ची बरोबरी केली आणि बोलणं मोठ्या ब्लाइंडवर आलं, तर त्याला वाढवायचा हक्क असतो. त्याला न विचारता फ्लॉप टाकू नका.

आकडा तोंडाने बोलून मगच माल सरकवायचा. बोललेलं बंधनकारक. न बोलता 25 ची एकच सोंगटी टाकली आणि समोर आधीच 6 लावलेले असतील, तर ती 6 ची बरोबरी समजायची, वाढ नाही. थोडे चिंचोके ठेवले, समोरच्याचं तोंड बघितलं, मग अजून थोडे ठेवले, हे बंद. पहिला ठेवलेला तेवढाच ग्राह्य.

पाळी नसताना पॅक होऊ नका. तीन पत्तीत पानं आवडली नाहीत की लोक लगेच फेकतात. इथे तुमच्या आधी बोलणाऱ्याला त्यातून फुकट माहिती मिळते.

माल संपल्यावर काय: तो बाद होत नाही. त्याच्याकडे होतं तेवढं घालून तो ऑल-इन होतो आणि शोपर्यंत बसतो, पण प्रत्येकाकडून तेवढंच जिंकू शकतो. समजा तिघे सगळा माल घालतात. अ कडे 50, ब कडे 120, क कडे 200. मुख्य पॉट 50×3, म्हणजे 150. यात तिघांचा हक्क. ब आणि क यांचे 70-70 उरले, त्यांचा वेगळा ढीग, 140. त्यात अ चा हक्क नाही. क चे 80 कुणाशीच जुळत नाहीत, ते त्याला लगेच परत. अ चा हात सगळ्यात भारी आणि ब चा क पेक्षा भारी निघाला, तर अ ला 150, ब ला 140. आधी बाजूचा ढीग मिटवा, मग मुख्य. ढीग करताना सगळ्यात कमी माल असलेल्यापासून सुरुवात केली की घोळ होत नाही.

डाव चालू असताना खिशातून नवीन माल काढायचा नाही आणि जिंकलेला खिशात घालायचा नाही.

माझं एक मत: पहिल्या दोन-तीन बैठका लिमिट खेळा. पहिल्या दोन फेऱ्यांत चाल 2 ची आणि पुढच्या दोन फेऱ्यांत 4 ची, एका फेरीत एक चाल आणि तीन वाढी, बस. कुणाचा सगळा माल एका डावात जात नाही आणि सगळ्यांना रिव्हरपर्यंत बघायला मिळतं.

सातरस्ता

लिमिटबद्दल माझं जमत नाही, भाकरी. का बे, त्यांना तीन पत्तीची सवय मोडायची आहे आणि तुम्ही तीच पक्की करून देताय. लिमिटमध्ये पॉट मोठा आणि चाल छोटी राहते, त्यामुळे प्रत्येक वेळी "दोनच तर घालायचेत" म्हणत सगळे बसून राहतात. पोकर शिकायचा म्हणजे भाव बघायला शिकायचं. कुणी चाल केली की समोरच्याला तो एक भाव सांगत असतो, आणि घ्यायचं की सोडायचं ते त्या भावावर ठरतं. पानं दुय्यम, असं म्हटलं तरी चालेल.

भीमांच्या डावातला 1 नंबर घ्या. बदामचा एक्का आणि दश्शी हातात, मध्ये बदामची दोन. अजून एक बदाम आला की एक्क्याचा कलर. कॅटमध्ये 13 बदाम, चार दिसतायत, राहिले 9. न दिसलेली पानं 47. पुढच्या एका पानात बदाम यायची शक्यता 9 भागिले 47, साधारण 19 टक्के. समोरच्याकडे राजाची जोडी असेल असं धरलं तर एक्का आला तरी पुढे जाता येतं. बदामचा एक्का स्वतःकडेच आहे, बाकी तीन. म्हणजे 12 पानं कामाची, 25.5 टक्के.

भाव काय होता? पॉट 19, त्यात 10 ची चाल, झाले 29. ते मिळवायला 10 घालायचे, एकूण 39. 10 भागिले 39, म्हणजे 25.6 टक्के. शक्यता आणि भाव जवळपास बरोबरीत, वर कलर लागलाच तर पुढे अजून माल मिळायची आशा. घ्यायला हरकत नाही.

टर्नवर चौकटची तिर्री, काही मदत नाही. आता पॉट 39 आणि चाल 30, झाले 69. 30 घालून 99. हवी असलेली शक्यता 30.3 टक्के. हातातली शक्यता 12 भागिले 46, म्हणजे 26. समोरच्याकडे आधीच दोन जोड्या असतील तर एक्का कामाचा नाही, मग 9 भागिले 46, 19.6 टक्केच. त्यात रिव्हरला तिसरा बदाम दिसल्यावर समोरचा सावध होऊन माल घालायचं थांबवतो. पॅक. पानं तीच, माणूस तोच, 10 ला हो आणि 30 ला नाही.

टेबलावर भागाकार कोण करणार? कामाची पानं मोजा आणि एका पानासाठी दोनने गुणा. 9 पानं, 18 टक्के. खरा आकडा 19 च्या आसपास, पुरे. फ्लॉपवरच कुणी ऑल-इन झाला आणि पुढची दोन्ही पानं फुकट बघायला मिळणार असतील तरच चारने गुणा, 36, खरा आकडा 35. बरेच जण फ्लॉपवर चारने गुणून बसतात आणि टर्नवर पुन्हा पैसे मोजावे लागतात हे विसरतात. बाकीचे आकडे पाठ करा: सिक्वेन्स दोन्ही टोकांनी उघडा असेल तर 8 पानं, मध्ये एकच पान अडलं असेल तर 4, जोडीची तीन व्हायला 2, दोन जोड्यांचं फुल हाउस व्हायला 4.

हाच हिशेब चाल करणाऱ्याने उलटा करायचा. तीन पत्तीवाला 30 च्या पॉटमध्ये 2 लावतो. समोरच्याला 32 साठी 2 घालायचे, म्हणजे 6 टक्के शक्यता असली तरी पुरे. अडलेल्या सिक्वेन्सची 4 पानं, 8 टक्क्यांच्या वर. त्याने थांबणं बरोबरच आहे, चूक तुमची. चांगला हात असेल तर पॉटच्या निम्म्यापासून तीन-चतुर्थांशापर्यंत लावा. निम्मी चाल केली की समोरच्याला 25 टक्के लागतात, पूर्ण पॉटएवढी केली की 33.

थाप मारायची असेल तरी भाव आहेच. पॉट 40, थाप 20. तीनपैकी एका वेळी समोरचा पॅक झाला तरी बरोबरी. पण थाप मारताना समोर एकच माणूस असावा. तिघांसमोर थाप मारणं म्हणजे माल वाटणं.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार. 10 ला हो आणि 30 ला नाही हे आता नीट कळलं. लिमिट नको, सरळ 1-2 ने सुरू करू.

पण हातातल्या दोन पानांचं राहिलंच. आणि गटातला एकजण म्हणतोय, गंमत म्हणून वीस-वीस रुपये लावू. चालेल का?

रिव्हर_भीमा

दोन पानांचं मी सांगतो.

दोन पानांचे 1,326 प्रकारे हात येतात. जोडी येते 17 डावांत एकदा, एक्क्याची जोडी 221 डावांत एकदा. जोडी नसलेली पानं असतील तर फ्लॉपवर निदान एक जोडी लागायची शक्यता तिसरा हिस्सा. म्हणजे तीनपैकी दोन वेळा फ्लॉप तुम्हाला काही देत नाही. म्हणूनच आधी पानं बरी असावी लागतात.

पण कुठल्या जागेवर बसलाय ते पानांइतकंच महत्त्वाचं. झाकण तुमच्यासमोर असेल तर फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुम्ही शेवटी बोलता, सगळ्यांचं बघून. 4 नंबरवर तुम्ही काहीच न बघता बोलता आणि मागे पाचजण शिल्लक असतात. म्हणून 4 नंबरवरून सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एकाच रंगाचे एक्का-गुलाम आणि राजा-राणी, इतकंच. हे मोजलं तर 88 हात भरतात, शंभरात सहा-सात. कंटाळा येईल, येऊ द्या. झाकणावर बसला असाल आणि आधी कुणी वाढवलेलं नसेल तर कुठलीही जोडी, एकाच रंगाचा एक्का कुठल्याही पानासोबत, एक्का-दश्शीपासून वर, राजा-दश्शीपासून वर, एकाच रंगाची लागोपाठची पानं छक्की-पंजीपर्यंत, सगळं चालेल.

खेळायचं ठरवलं तर नुसते 2 घालून शिरू नका, 6 करून शिरा. नुसते 2 घातले की मागचे पाचही स्वस्तात आत येतात आणि एक्क्याच्या जोडीलाही पाचजणांशी लढावं लागतं.

छोट्या जोडीवर फ्लॉपला तिसरं पान साडेआठ वेळांत एकदा लागतं. दुर्रीची जोडी घेऊन कुणाच्या 40 च्या वाढीला बरोबरी करू नका. समोर दोघांकडे भरपूर माल असेल आणि 6 च घालायचे असतील तर जरूर बघा, नाही लागलं तर सोडा.

"दोन्ही बदामची आहेत" म्हणून राजा-तिर्री खेळणारे प्रत्येक गटात निघतात. एका रंगाच्या दोन पानांवर फ्लॉपवरच कलर 119 वेळांत एकदा होतो.

सातरस्ता

वीस रुपयांचं: नको. चिंचोकेच ठेवा. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. रमीला कौशल्याचा खेळ म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये मान्यता दिली, पण तो दाखला घेऊन घरच्या पोकरला कुणी हात लावणार नाही असं समजू नका. "मन्ना (पत्त्यांचा जुगार) खेळताना पकडले" ही बातमी आपण सगळेच वाचतो, आणि तिथे रक्कम वीस होती की वीस हजार हे नंतर बघतात. ऑनलाइन पैशाचा खेळ तर कौशल्याचा असो वा नशिबाचा, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून बंदच केला, आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशाची टेबलं बंद केली. सरावाला फुकट चिप्सचे ॲप असतात, तेवढ्यावर भागवा. फक्त तिथे माल फुकट असल्याने लोक कशावरही ऑल-इन होतात, त्यांचं बघून शिकू नका.

चिंचोके असूनही जपून खेळायला लावायचं असेल तर 200 संपल्यावर त्याच बैठकीत नवीन माल द्यायचा नाही. संपले की त्याने पुढचा एक तास फक्त पानं वाटायची. शेवटी सगळ्यात कमी असलेल्याने पुढच्या वेळच्या चहाचं दूध आणायचं, असलंही काही लावू नका, त्यावरूनही कटकट होते.

कडकभाकरी

लिमिटवर मी अजून ठाम आहे, पण असो.

वाटण्यातल्या चुका कुणी लिहिल्या नाहीत, त्या पहिल्याच दिवशी होणार. अगदी पहिलं किंवा दुसरं पान वाटताना उलटलं तर डाव रद्द, पुन्हा पिसा. त्यानंतरचं एखादं उलटलं तर तसंच वाटून पूर्ण करा, उलटलेल्या पानाच्या बदली त्याला वरचं पुढचं पान द्या आणि उलटलेलं पान पहिल्या बर्नला वापरा. फ्लॉपला तीनऐवजी चार पानं पडली तर चारही उलटी करून मिसळा, न बघता एक काढून बाजूला ठेवा, ते पुढचं बर्न. उरलेली तीन फ्लॉप. पॅक झालेली पानं कुणीही सुलटी करून बघायची नाहीत, डाव संपल्यावरसुद्धा. "तू खरंच थाप मारलीस का" हे विचारायचं असेल तर तोंडाने विचारा, तो खोटं बोलला तरी चालतं.

जुळेसोलापूरकर

शेवटचं. चारजण पॅक झाले किंवा उठून गेले आणि दोघेच उरले तर ब्लाइंड कसे? आणि पॉट 39 असताना वाटणी झाली तर तो एक चिंचोका कुणाचा?

किलवर_दुर्री

डाव चालू असताना बाकीचे पॅक झाले तर काही बदलत नाही, तसंच पुढे खेळा. दोघेच खेळायला बसले असतील तर झाकणवाला छोटा ब्लाइंड भरतो, समोरचा मोठा. पहिल्या फेरीत झाकणवाला आधी बोलतो, फ्लॉपपासून पुढे तो शेवटी.

जास्तीचा एक चिंचोका झाकणाच्या डावीकडून मोजत वाटेकऱ्यांपैकी जो आधी येतो त्याचा.